बाबांनी कधीच न पाहिलेला झिरा

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही "आहे" म्हणताना जीभ अडखळते. पण हे माझ्यासमोर घडलं. आणि लिहिताना भीती नाही, खरंच सांगते, आनंदच वाटतोय!

आमचं गाव साकोली तालुक्यातलं सानगडी, धानाची शेती. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी नागझिऱ्याच्या जंगलात पक्षी नोंदवायचं प्रोजेक्ट मिळालं. आमचा जिल्हा फुटल्यावर जंगलाचा बराच भाग गोंदियात गेला, पण साकोलीकडच्या आम्हाला ते घरचंच वाटतं. तरी बाबा कधी आत गेले नव्हते. मला परवानगी मिळाली तसे म्हणाले, "एकटी कायले जातेस? मी येतो. जंगलात टिकलीस तं नागपूरच्या एम.एस्सी.चं पाहू."

म्हणजे परीक्षा माझीच होती!

मे महिना, सकाळचे अकरा. सोबत एक वनरक्षक. बाटल्या रिकाम्या, गाडी लांब... आणि मला चक्कर आली. मोहाच्या झाडाखाली बसले. मनात एकच — गेलं नागपूर.

बाबा समोरच्या कोरड्या नाल्याकडे बघत होते. एकदम म्हणाले, "त्या वाकड्या झाडाखाली पाणी आहे. बाजूच्या दगडात तीन उखळ आहेत, एक फुटकं."

वनरक्षक हसले. "काका, बारा वर्सं झाले, इथंच फिरून राहिलो. उन्हाळ्यात चिमणीपुरतं पाणी नाही इथं."

"तुमी वरून पायता, भाऊ."

बाबा गुडघ्यावर बसून रेती उकरू लागले, आमच्याकडे नाल्यात झिरा काढतात तसे. कोपरभर खड्डा झाला... आणि पाणी पाझरलं! गढूळ पाणी दोनदा उपसून फेकलं, तिसऱ्यांदा मला पाजलं. थंडगार!

इथवर ठीक. शेतकरी माणूस, जमिनीचा अंदाज असेल. पण वनरक्षकांनी शेजारचा वीतभर पालापाचोळा काठीनं सारला. खाली दगडात धान कांडायचे खळगे होते. तीन. एकाची कड फुटलेली.

ते हसायचे थांबले. "काका, तुमचं गाव होतं का इथं?"

"नाही जी. आमी सानगडीचेच." बाबांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. "मले कसं समजलं, मलेच नाही माहीत."

परतीच्या बसमध्ये मी भीत भीत विचारलं, "बाबा, नागपूरचं?"

"जाय. मोठे मास्तर असतीन तिथं. त्यायले पूस, हे काय होतं म्हणून."

आता नागपुरात माझं दुसरं वर्ष चालू आहे. सरांना विचारलं. म्हणाले, "लहानपणी कुणाकडून ऐकलं असेल." बाबा शपथेवर नाही म्हणतात. दर रविवारी फोन येतो आणि "जेवलीस का" च्या आधी एकच प्रश्न —

"सापडलं का?"

"नाही, बाबा."

"मंग शिकत राय."