दोन्ही हात दिसल्याशिवाय

रहीमभाई गेल्याचं मला क्रेनवरून खाली उतरल्यावर कळलं. सकाळपासून यार्डात त्यांच्या जागी दुसराच माणूस इशारे करत होता आणि मी वर केबिनमध्ये बसून चिडत होतो, न सांगता दांडी मारली म्हणून. चहाला उतरलो तेव्हा कुणीतरी सांगितलं, "पहाटे छातीत दुखलं त्यायच्या... गेले." चहा तसाच राहिला.

साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या गाडीतून उचलून गव्हाणीत टाकणारी क्रेन मी चालवतो. रहीमभाई खाली मोळीला साखळी घालायचे, हूक अडकवायचे आणि मला हातानं इशारा करायचे. वरून माणसाचं तोंड नीट दिसत नाही. मला दिसायची ती त्यांची पांढरी टोपी आणि हात. आमची दोस्ती हातांचीच. शेजारी बसलो की भांडण ठरलेलं. साखर कारखान्यात जन्म काढून हा माणूस चहा बिनसाखरेचा प्यायचा आणि माझ्या कपातल्या साखरेवर भाषण द्यायचा.

बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा साखळीला पीळ पडला होता. उजव्या हातानं 'उचल' असा इशारा करताना त्यांचा डावा हात पीळ सोडवत साखळीतच राहिला. मोळीच्या आड असल्यानं मला तो दिसणं शक्यच नव्हतं. साखळी ताणली गेली... त्यांची किंकाळी एवढ्या गोंगाटातही वरपर्यंत आली. नांदेडला नेलं, पण मधली तीन बोटं गेली. उरले अंगठा आणि करंगळी.

मी क्रेनवर चढणंच सोडलं. साहेब समजावून थकले. हात बरा झाल्यावर रहीमभाईंना गेटवर बसायचं सोपं काम देऊ केलं होतं. ते नाकारून ते थेट माझ्या घरी, आखाडा बाळापूरला आले.

"काहून घरी बसून राहिला, गौतम?"

"भेव वाटते, भाई."

"हात माझा गेला अन् भेव तुला? चल ऊठ. आता दोन्ही हात वर दिसले तरच उचलायचं. एकच दिसला तर मी वरडलो तरी न्हाई उचलायचं."

तेव्हापासून आमच्या यार्डाचा इशारा तोच झाला. बाहेरचे ट्रकवाले हसायचे, इथं काय दरोडा पडला का म्हणायचे. रहीमभाई दोन्ही हात वर करून मलाच बघत राहायचे. गावात मात्र तो डावा हात खिशातून निघत नसे, लग्नातल्या फोटोतही तो रुमालाखाली. माझ्यासमोर तेवढा तो, कामाच्या मोज्यात का होईना, दिवसभर वर असायचा. याचा मला अभिमान होता, कशाला लपवू?

मी रहीमभाईंच्या गावी, हट्ट्याला पोचलो तेव्हा कफन बांधून झालं होतं. जनाजा उचलायला सगळे वाकले. मीही दांड्याला हात लावला... आणि मला उचलताच येईना. दोन्ही हात कफनात गुंडाळलेले होते. एकही दिसत नव्हता. शेजारून त्यांचा मुलगा सलीम हळूच म्हणाला, "चाचा, उचला ना." मग उचलला. रहीमभाईंचा नियम मी तेवढा एकदाच मोडला.

नंतर सलीमनं मला अब्बांचा डावा हातमोजा दिला. रिकामी बोटं साखळीत अडकू नयेत म्हणून रहीमभाईंनी मोज्याची मधली तीन बोटं आत दुमडून शिवून टाकली होती. तो आता केबिनमध्ये खिळ्याला असतो. नवा माणूस चांगला आहे, दोन्ही हात बराबर वर करतो. पण ते भरलेले पंजे बघितले की मला फार एकटं वाटतं. त्याला क्रेन दिसते. रहीमभाईंना मी दिसायचो.

परवा नवा माणूस खाली मोळीला साखळी घालत होता. तेवढ्या वेळात मी मोजा हातात घालून पाहिला. जाईना. मधली तीन बोटं मुडपून धरली तेव्हा कुठं गेला. मग मनात काय आलं कोण जाणे, काचेसमोर मी दोन्ही हात वर केले.

खाली त्या माणसाची नजर वर गेली. मीच काही इशारा करतोय असं त्याला वाटलं असावं. त्यानं हातातली साखळी सोडली आणि माझ्याकडे बघत आपले दोन्ही हात वर केले.