बोकडाला कोणी विचारलं होतं?

मी चौथी शिकलो, तीही मास्तरच्या मेहरबानीनं. तेव्हा माझ्या लिहिण्यात कोणाला शहाणपण सापडलं नाही तर त्यानं कागद घडी घालून ठेवावा आणि झोपावं. मला सांगायचं आहे एका बोकडाबद्दल, माझ्या बायकोबद्दल आणि तिच्या त्या खिळे मारलेल्या देवाबद्दल. बायको गेली. बोकड दारात बांधलेला आहे. देवाचं मला माहीत नाही.

तिच्या पोटात गाठ निघाली तेव्हा बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "बाबा, उशीर केला." लेका, उशीर केला म्हणून तर तुझ्याकडे आलो, लवकर आलो असतो तर गावच्या कंपाउंडरकडेच भागलं नसतं का? पण दवाखान्यात गरीब माणसाचं तोंड चपलीसोबत बाहेरच राहतं. गोळ्या घेतल्या आणि दुसरबीडच्या गाडीत बसलो. गाडीतून उतरलो तो घरी न जाता आधी शिवेवर गेलो. तिथं निंबाखाली आमची माय आहे, शेंदूर फासलेला दगड. म्हटलं, बाई, हिला उठव, तुला बोकड देतो. त्या दिवशी मी कोणालाही काहीही कबूल केलं असतं. वाटेत दगड लागला असता तर त्यालाही बोकड बोललो असतो.

माझी ही तऱ्हा, तर बायकोची वेगळीच. आमच्या गल्लीत ब्लाऊज शिवणारी एक बाई आहे. ती हिला मेहकरला प्रार्थनेला घेऊन गेली. दोन-तीन वेळा गेली आणि मग हिला तिथलंच वेड लागलं. प्रार्थना म्हणजे काय, तर टिनाचं शेड, खाली सतरंजी, एक ढोलकी आणि मूठभर माणसं. त्यांच्या बुवाला पाळक म्हणतात. कडक इस्तरीचा पांढरा शर्ट आणि आवाज असा की लाउडस्पीकर गिळून आला आहे. वर टिन तापलेलं, खाली हा तापलेला. मी हिला पोचवायचो आणि बाहेर बाभळीखाली तंबाखू मळत बसायचो. आत गेलो नाही. मला देवांची कमतरता नव्हती, होते तेच ऐकत नव्हते.

मग चैतात एक शुक्रवार आला. ही सकाळीच म्हणाली, "अजी, आज त्याईच्या देवाच्या मरनाचा दिवस हाय. आज तुमी आत बसा. मले एकटीनं बसवत नाही."

मरणाचा दिवस म्हटल्यावर मला जे कळतं ते मी केलं. आपल्याकडे कोणाच्या घरी मयत झाली की त्या घरी चूल पेटत नाही. भाऊबंद, शेजारीपाजारी भाकरी घेऊन जातात, त्याला कडू घास म्हणतात. मी शेजारणीकडून बेसन-भाकर करून घेतली, फडक्यात बांधली आणि मेहकरला त्या शेडमध्ये पाळकाच्या बायकोच्या हातात दिली. ती फडक्याकडे बघते, माझ्याकडे बघते.

"बाबा, हे काय?"

"कडू घास. तुमच्या घरी मयत झाली ना आज?"

शेडमध्ये हसू फुटलं. त्यांचा त्या दिवशी उपास असतो म्हणे. ब्लाऊजवाली तर तोंडात पदर कोंबून हसत होती. मला इतका राग आला की वाटलं उठून चालतं व्हावं. तुमचा देव मेला म्हणता, भाकर आणली तर हसता, आणि वरून त्या दिवसाला शुभ शुक्रवार म्हणता. माणूस खिळे मारून मारला त्या दिवसात शुभ काय आहे? पण हिचा हात माझ्या गुडघ्यावर होता, म्हणून बसलो.

पाळकानं त्या दिवशी तीच गोष्ट सांगितली. की पाप माणसांनी केलं, शिक्षा माणसांना व्हायची होती, ती येशूनं आपल्या अंगावर घेतली. लाकडावर हातपाय ठोकून घेतले आणि सगळ्यांच्या ठिकाणी मेला. बायका रडत होत्या. मला रडू येईना. एकाचा गुन्हा आणि दुसऱ्याला फाशी, हा कुठला न्याय? आमच्या गावात एकानं भावाच्या मारामारीचा गुन्हा आपल्यावर घेतला आणि जेलात गेला. भाऊ जमीन खाऊन बसला. जेलात गेलेल्याला गाव आजही येडाच म्हणतं.

मी बसल्याबसल्या विचारलं, "काहो, तो देव होता ना?"

पाळक थांबला. "हो बाबा."

"आंधळ्याले डोळे देले, मेलेला उठवला म्हनता. मंग सोताचे हात काऊन नाही सोडवता आले त्याले?"

हिनं माझा गुडघा दाबला. पाळक रागावेल असं वाटलं, पण तो शांतच राहिला. म्हणाला, "सोडवता येत होते. सोडवले नाहीत. आणि बाबा, तुम्ही आता जे बोललात तेच त्या दिवशी क्रुसाखाली उभे असलेले लोक बोलत होते."

मी म्हटलं, "म्हंजे तिथं एक-दोन शहाने मानसं होते तर."

या वेळी कोणी हसलं नाही. फक्त माझी बायको हसली. पोट धरून हसली, कारण हसताना तिला दुखायचं.

त्यानंतर ती उठली. खोटं बोलत नाही. महिना-दीड महिना ती भिंत न धरता चालली, चुलीपुढं बसून स्वतःच्या हातानं भाकर थापली, लेकीला फोनवरून शिव्या दिल्या. लेक जालन्याकडे दिलेली आहे, तिला दिवस गेले होते आणि ती वजन उचलते म्हणून ही ओरडायची. घर पुन्हा घरासारखं झालं. आणि लगेच मालक उभे राहिले. माझा साळा म्हणाला, मायनं उठवली. पाळक म्हणाला, प्रार्थनेनं उठली. डॉक्टर म्हणाला, गोळी लागू पडली. बरी झाली तेव्हा तीन मालक होते. पुढं मेली तेव्हा एकही पुढं आला नाही.

मी बोकड आणून दारात बांधला. काळा, कपाळावर पांढरा ठिपका. तिनं त्याला बघितलं आणि विचारलं, "हा कायले?"

"तुह्या नवसाचा."

"मह्यासाठी कापू नका."

"बोललो हाय मी मायले."

"तुमी बोलले. तो बोलला का?"

मी म्हटलं, बोकडाला कोणी विचारत असतं का? पण विचारतात, आणि ती तेच धरून बसली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे बोकड कापण्याआधी त्याच्या अंगावर पाणी टाकतात. त्यानं अंग झाडलं, थरथरला, की समजायचं कौल मिळाला, बोकड राजी, देवी राजी. नाही झाडलं तर पुन्हा पाणी टाकायचं.

ती ताटात तांदूळ निवडत होती. खडा काढून फेकला आणि म्हणाली, "पानी टाकलं का अंग झाडतेच जितराब. थंडी वाजते त्याले. त्याले तुमी हो म्हनता."

"मंग तुह्या देवाचं काय येगळं हाय? त्यालेई कापलाच ना?"

"त्यानं सोताहून हो म्हटलं. एवढंच येगळं हाय. त्याच्या अंगावर कोनी पानी टाकलं नाही. एक डाव झालं ते, आता दुसरं कापायचं काम नाही."

मी चिडलो. म्हटलं, "ज्याले सोताचं दुखनं निभावलं नाही तो तुह्यं काय निभावते?"

यावर ती जे बोलली ते मला त्या वेळी बावळटपणाचं वाटलं. आताही पुरतं पटलेलं नाही. ती म्हणाली, "लाकडावर तोई वरडला, अजी. मह्या बापानं मले काऊन सोडलं म्हनून वरडला. आपल्या देवायले कधी दुखलं, असं ऐकलं का तुमी? याले दुखते. मले रात्री पोटात कळ येते तवा मी शेंदराच्या दगडाले काय सांगू? त्याले पोट तरी हाय का?"

मी उठून ढोरांकडे गेलो. बाईमाणसाशी वाद घालून कोण जिंकलं आहे.

साळा म्हणाला, आखाडात बोकड कापू. आखाड आला तोवर ती पुन्हा अंथरुणाला लागली होती, आणि आखाड संपायच्या आत गेली. तिचं त्यांच्यातलं पाणी घ्यायचं, बाप्तिस्मा म्हणतात ते, राहून गेलं होतं. तेव्हा आमच्या रीतीनं जाळली. पाळक आला होता. मसणवट्यात एका बाजूला पावसात उभा राहिला आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला. पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान ऐकला. माझे भाऊबंद तिथंच कुजबुजत होते की हा इथं कशाला. तिला खांद्यावर आणतानासुद्धा त्यांचं तेच चाललं होतं. चितेला आग लागेपर्यंत जात काढत बसतील असली माणसं.

दुसऱ्या दिवशी घरात भाऊबंद भांडत होते. तेरवीला कोणाला बोलवायचं, ब्लाऊजवालीला बोलवायचं की नाही. कडू घास आणायची मात्र कोणालाही आठवण नव्हती. दुपारी दारात ऑटो थांबला. पाळकाची बायको उतरली, हातात फडकं. फडकं माझ्यापुढं ठेवलं. बेसन-भाकर. त्या शुक्रवारी हसली होती, पण रीत ध्यानात ठेवली होती. बेसन अळणी होतं. भाकरही जाड. हिनं असली भाकर कधी केली नसती. खाल्ली. भूक लागली होती.

सोयाबीन निघाल्यावर साळा आला. चहा पिला आणि म्हणाला, "भाऊजी, बोकडाचं करून टाका."

"कोन्त्या बोकडाचं? बाई मेली बे."

"उठली होती ना? हातानं भाकर थापली होती ना? मायनं तिचं काम केलं. तिचं आयुष्यच तेवढं होतं."

"मंग डॉक्टरलेई एक बोकड दे."

"मजाक नका करू. नवस राहिला का घरावर येते. तुमच्या घरात आता हाय कोन? पोरगी. अन् तिचे दिवस भरत आले."

हे त्यानं बरोबर ठिकाणी मारलं. बायकोनं नको म्हटलं होतं, पण बायको राखेत गेली. पोर जिवंत आहे आणि तिच्या पोटात जीव आहे. मी हो म्हटलं.

मंगळवारी शिवेवर गेलो. सगळे होते. मायच्या भक्तीला कधी इतके लोक दिसत नाहीत. निंबाखाली मसाला वाटून तयार, कांदे चिरलेले, रश्शाचं गंज चुलीवर चढवलेलं. एकाला तर मटणाचा वाटा घरी न्यायचा होता, त्यानं डबा आणला होता. मायकडे कोणाची नजर नव्हती, सगळ्यांची बोकडाकडे. भगतानं हळद-कुंकू लावलं, गळ्यात हार घातला आणि लोटाभर पाणी बोकडाच्या पाठीवर ओतलं.

बोकडानं लगेच अंग झाडलं. पार कानापासून शेपटीपर्यंत. माझ्या धोतरावर शिंतोडे उडाले.

"कौल देला! मायनं कौल देला!" साळा ओरडला. भगतानं सुरा घेतला.

मी बोकडाकडे बघत होतो. कार्तिकातली सकाळ, वारा सुटलेला, पाणी विहिरीचं. तो ओला झाला होता आणि त्याला थंडी वाजत होती. बस, एवढंच. दुसरं त्यात काही नव्हतं. हिनं तांदूळ निवडता निवडता सांगितलं होतं, तितकंच होतं.

"थांब," मी म्हटलं.

भगत थांबला. "काऊन?"

"त्यानं हो नाही म्हटलं."

"अन् हे काय होतं मंग?"

"थंडी वाजली त्याले."

साळा पुढं आला. "भाऊजी, डोकं फिरलं का? पोरीवर येईल हे. तिच्या लेकरावर येईल."

"पोरीवर काऊन? नवस कोन बोललं? मी. मह्यावर येऊ दे. जे काय यायचं ते सारं मह्या अंगावर येऊ दे. पोरीचं नाव घेशील तर याद राख."

डबेवाल्यानं डब्याचं झाकण लावलं. मी हार तोडला, दोरी हातात घेतली आणि निघालो. मागून साळा ओरडला, "तुमीबी त्याईच्यातले झाले का आता?"

"तुह्यातला राह्यलो नाही, एवढं समज," मी म्हटलं.

अर्ध्या वाटेवर आलो आणि पाय थांबले. आपण आत्ता काय बोललो? दुसऱ्याचं माझ्या अंगावर येऊ दे. त्या टिनाच्या शेडमध्ये घसा फोडून सांगत होते ते हेच. आणि मी त्याला येड्यात काढलं होतं. गावात आता मलाही तेच म्हणत असतील, उपाशी राहिले म्हणून जरा जास्तच.

घरी आलो. तिचा लाकडाचा लहान क्रूस अजून खुंटीला आहे, मी काढला नाही. काढायला उठलो की ती रागावेल असं वाटतं, आणि रागावणार कोण, कोणीच नाही, म्हणून बसून राहतो. त्या दिवशी मी त्याच्यापुढं उभा राहिलो. म्हटलं, लय फुगू नको. मी तुझ्यातला झालो नाही. मला कोणी खिळे मारले नाहीत, नुसता साळा रुसला. आणि तुला हिला ठेवता आलं नाही ते मी विसरलेलो नाही. पण ती म्हणत होती ते, हो म्हणण्याचं, ते मला थोडं कळलं. जास्त विचारू नको.

लेकीला पोरगी झाली. दोघी बऱ्या आहेत. माझ्यावर काय यायचं ते अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल, मी घरीच असतो.

बोकड माजला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला धडका देतो, साळा तर त्याच्या भीतीनं अंगणात पाय टाकत नाही, हा एक फायदा झाला. सकाळी मी त्याच्या घमेल्यात पाणी ओततो. शिंतोडे अंगावर उडाले की तो अंग झाडतो, पार कानापासून शेपटीपर्यंत. मी त्याला म्हणतो, पी बे, गुमान. तुला कोणी काही विचारलं नाही.