हसतानाचा फोटो

माझी थोरली बहीण खर्ड्याच्या बाजूला दिली होती. एका उन्हाळ्यात आम्ही ऊसतोडीहून पाथर्डीकडं, आमच्या गावी परतलो आणि तिचा नवरा दारात आला. "टोळीतल्या एका ट्रॅक्टरवाल्यासंगं पळून गेली," म्हणाला आणि ओट्यावर बसून रडला. आईनंच त्याला पाणी दिलं.

वडिलांनी तिच्या नावानं अंघोळ केली. "आमाला ती मेली," एवढंच बोलले आणि घरातले तिचे सगळे फोटो चुलीत घातले. पुढं कित्येक वर्षं घरात तिचं नाव निघालं नाही. मला बघायला आलेले लोक चहा पिता पिता विचारायचे, "थोरली कुटं आसती सध्या?" आई मात्र कारखान्याच्या तळावर उसाच्या ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड बघत राहायची.

मग एका दुष्काळी साली खर्ड्याजवळ एका पडक्या विहिरीचा गाळ काढताना हाडं वर आली. त्यांच्याबरोबर एक दावं होतं आणि दाव्याला जात्याची खालची दगडी तळी बांधलेली. "हितली एक सून गायब झाल्ती," असं गावातल्या कुणीतरी पोलिसांना सांगितलं. एक फौजदार बाई आमच्या घरी आल्या. आईचं रक्त तपासणीला नेलं. पण हाडं फार वर्षं पाण्यात होती. त्यातून काहीच जुळवता येईना.

शेवटी वडिलांना आणि मला हाडं तपासणाऱ्या डॉक्टरांनी बोलावलं. ते हळू आवाजात बोलणारे होते.

"एक जुनी रीत आहे," ते म्हणाले. "डीएनएची तपासणी निघालीही नव्हती तेव्हाची. कवटीवर फोटो बसवून बघायचा. विलायतेत एका खुनात दोन बायकांची ओळख अशीच पटवली होती. पण फोटोत दात दिसायला हवेत. तिचा हसतानाचा फोटो आहे का?"

"सगळे म्याच चुलीत घातले," वडील म्हणाले.

बहिणीची एक मैत्रीण मिरजगावला नांदते. मी तिच्याकडं गेले. तिच्या हळदीच्या अल्बममध्ये बहीण होती, गालाला हळद, तोंड उघडून हसत असलेली. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. मैत्रिणीनं फोटो अलगद सोडवला. "कुणीतरी तिच्यासाठी येईल म्हून वाटच बघत हुते," म्हणाली आणि मला धरून रडली.

डॉक्टरांनी पडद्यावर आधी तो फोटो दाखवला. मग चेहरा हळूहळू पुसट होत गेला आणि खालून हाड दिसायला लागलं. डोळ्यांच्या जागी खोबण्या आल्या. चढलेला दात चढलेल्या दातावर बसला. हसू तसंच राहिलं. डॉक्टर काही विचारायच्या आतच मी "व्हय" म्हणाले.

वडिलांनी विचारलं, "डाक्टर, तिला लई लागलं आसंल का वो?"

"हाडांवरून ते सांगता येत नाही, बाबा," डॉक्टर म्हणाले.

एवढ्यावर खटला उभा राहत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण पोलीस तिच्या सासरी गेले तेव्हा परसात जात्याची वरची तळी अजून पडलेली होती. दोन्ही तळ्या एकमेकींवर नीट बसल्या. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं, पोरंबाळं होती. त्याला जन्मठेप झाली.

निकाल ऐकून आईला आनंद झाला नाही. "माजी लेक कुटं गेलीच न्हवती," असं ती येईल त्याला सांगत राहिली, अगदी दूधवाल्यालाही.

हाडं आमच्या ताब्यात मिळाली ती सील केलेल्या खोक्यातून. पाथर्डीला येताना जीप भरलेली होती. वडिलांनी खोकं मांडीवर घेतलं होतं आणि दोन्ही हातांनी धरलं होतं.

"आण्णा, खाली ठिवा की, पाय आवघडत्याल," शेजारचा माणूस म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या," वडील म्हणाले. "लेक हाय माजी."

त्या माणसानं आपले पाय आवरून वडिलांना जागा करून दिली.