भांडायला शिकलेला कॉम्प्युटर

मंगळवार पेठेत मी कॉम्प्युटर शिकवायचो, तेव्हा अकरावीतली एक मुलगी क्लासला यायची. वेणीचं टोक चावत ती भराभर प्रोग्रॅम लिहायची. एक स्पर्धा जिंकल्यावर वडिलांनी तिला पुढच्या स्पर्धांना जुंपलं आणि ती विटली. "नगं वाटतंय, सर," म्हणून नुसती बसून राहायची.

एके दुपारी ती एकटीच खदाखदा हसली. तिनं गंमत म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमनं पडद्यावर विचारलं होतं, 'जेवलीस काय?' तिनं 'न्हाय' लिहिलं. उत्तर आलं, 'मग घरी जा की!'

तेवढ्यात वडील न्यायला आले. "स्पर्धेची तयारी झाली काय?"

"स्पर्धा न्हाय करणार," ती मान न वळवता म्हणाली. "थांबा जरा, ह्याला भांडायला शिकवतोय."

वडील माझ्याकडे बघू लागले. मी त्यांना खुर्ची दिली.