संगणकाला शिकवलेला ढावलो

संगणकाला रडायला शिकवण्यात माझं दीड वर्ष गेलं. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की पुढचा प्रश्न 'कशासाठी?' असा येतो आणि त्याचं उत्तर लांबतं.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मी वसमतला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला होतो. शिकवायला म्हणजे, सकाळच्या पोरांना संगणक चालू कसा करायचा ते सांगायचं आणि संध्याकाळच्या पोरांना बंद कसा करायचा ते. मधल्या वेळात भारनियमन असे. हळदीचा हंगाम आला की सकाळची पोरंही गायब, सगळी शेतात नाहीतर मोंढ्याच्या बाजारात. मग मी आणि सहा संगणक एकमेकांकडे बघत बसायचो.

क्लासचे मालक दर महिन्याला कॉम्प्युटरचं एक इंग्रजी मासिक घेत. वाचायला नव्हे, आलेल्या पालकांना टेबलावर दिसावं म्हणून. त्यासोबत एक सीडी येई आणि ती चहाच्या कपाखाली ठेवायच्या कामी येई. एकदा कप बाजूला करून मी ती लावली. तिच्यात संगीत बनवायचं एक सॉफ्टवेअर होतं. उघडलं तर पडद्यावर काहीच नाही, नुसतं राखाडी मैदान. त्यावर आपण एकेक डबा आणून ठेवायचा आणि माऊसने एका डब्यातून दुसऱ्या डब्यात वायर ओढायची. एक डबा आवाज काढणारा, एक ठोके देणारा, एक फासे टाकणारा. आणखी एक डबा चाळणीसारखा, आपण ठरवलेले सूर तेवढे खाली सोडणारा. फासे पडतील तो सूर, ठोका येईल तेव्हा वाजायचा. बनवणाऱ्याने नियम घालून द्यायचे आणि बाजूला व्हायचं, पुढचं यंत्र बघून घेतं. मला पेटीसुद्धा वाजवता येत नव्हती, त्यामुळे ही पद्धत मला फारच पटली.

पहिले तीन आठवडे आवाजच आला नाही. मदतीची पानं इंग्रजीत होती आणि माझं इंग्रजी फाईल, एडिट, व्ह्यू इथवरच होतं. शेवटची वायर स्पीकरच्या डब्यात लावावी लागते हे मला ठाऊक नव्हतं. तीन आठवडे मी अतिशय गुंतागुंतीचं संगीत तयार केलं आणि ते कुणालाही, मलाही, ऐकू आलं नाही. ती वायर चुकून लागली त्या दुपारी गिरणीचा पट्टा सुटल्यासारखा एक आवाज निघाला आणि मालक आतल्या खोलीतून चप्पल न घालता पळत आले.

पुढे हळूहळू जमत गेलं. सूर कमी केले, ठोके ढिले केले, मध्ये मोकळी जागा सोडली. एके दिवशी ते यंत्र चार सुरांत दोन तास आपलं आपण वाजत राहिलं आणि एकदाही मागचं तसंच्या तसं पुन्हा वाजवलं नाही. मी खुर्चीत मागे रेलून स्वतःवर खूश होतो. मालक दारात येऊन उभे राहिले.

"सर, व्हायरस शिरला का काय यात? कवाचं कण्हून राहिलं ते."

मला राग आला. मग मी नीट ऐकलं आणि राग गेला, कारण माणूस खरं बोलत होता. वर जाऊन थांबणारा सूर, मग हुंदका दिल्यासारखा खाली येणारा. हा आवाज मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तो ढावलो होता.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा औंढ्याकडचा, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगतचा. तांड्यावर नवरी निघताना एकेका नातलगाच्या गळ्यात पडते आणि रडते. हे रडणं गाऊन रडायचं असतं, त्याला आम्ही ढावलो म्हणतो. आईच्या गळ्यात वेगळे शब्द, भावाच्या गळ्यात वेगळे, आणि ते तिथेच जुळवायचे. पण सुरांची चाल, श्वास कुठे सोडायचा, नाव कुठे घ्यायचं, हे ठरलेलं. लग्नाआधी महिनाभर तांड्यातली जाणती बाई, आमच्याकडे थोरली काकी, नवरीला हे शिकवते. थोडक्यात, नियम ठरलेले आणि गाणं दर वेळी नवं. परदेशातल्या हुशार लोकांनी सीडीत घालून पाठवलेली गोष्ट आमच्या बायका फुकटात करत होत्या, हे कळल्यावर माझा ऊर भरून आला. मासिकाला तसं पत्र लिहावं असंही वाटलं, पण ते इंग्रजीत लिहावं लागलं असतं.

त्याच सुमारास बहिणीचं लग्न ठरलं. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान, डी.एड. होऊन कळमनुरी तालुक्यात शिक्षणसेवक म्हणून लागलेली. बा आम्ही लहान असतानाच गेले होते. घरात याडी, म्हणजे आई, आणि आम्ही दोघं. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतो, इथे सगळ्यांना मराठीत बोलायला लावतोय, त्याबद्दल त्यांनी मला माफ करावं.

ढावलो शिकायला थोरल्या काकीकडे जायला बहिणीने साफ नकार दिला.

"शाळेतले सगळे सर, मॅडम येऊन राहिले लग्नाला. त्यांच्यासमोर मी भोकाड पसरू? सोमवारी वर्गात काय तोंड दाखवू?"

याडी तिच्यावर ओरडली नाही, तेच वाईट झालं. ती भाकरी थापत होती, थापत राहिली. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाली, "माझ्या मायच्या गळ्यात मी पडले व्हते. तिनं मरेपर्यंत ते बोल ध्यानात ठेवले. मला बी कुणी चार बोल बोलून जाईल असं वाटलं व्हतं, बस." यापुढे तिने तो विषय काढला नाही. पण तेव्हापासून लग्नाच्या कुठल्याच गोष्टीत तिचं मन लागेना. साड्या दाखवल्या तरी "आणा कोणती बी" म्हणायची.

मला दोघींची दया आली आणि दोघींनाही एकदम खूश करायची युक्ती सुचली. अशा युक्त्या मला फक्त दुपारी, भारनियमनाच्या वेळी सुचत. बहिणीला म्हणालो, "तोंडावर घुंगट असतोच. तू नुसतं गळ्यात पडायचं आणि खांदे हलवायचे. ढावलो माझं यंत्र म्हणेल. मांडवात साउंड असतोच."

ती हसली, मग म्हणाली, "भिया, कळेल न्हाई ना कुणाला?"

"कुणाला काय कळतंय," मी म्हणालो. तांड्यातल्या दोनशे बायकांनी आयुष्यभर ऐकलेल्या आवाजाबद्दल मी हे बोलत होतो.

आता नियम पक्के हवेत म्हणून मी रविवारी थोरल्या काकीकडे जाऊन बसलो. क्लासमधला माईक आणि टेपरेकॉर्डर नेला होता. काकीने दोन्हींकडे पाहून मान हलवली.

"असं बसल्या बसल्या न्हाई म्हणत ढावलो. कुणी जाऊन राहिलं तरच म्हणतात. उगं कशाला रडायचं?"

"मग शिकवतेस कशी?"

"नवरीला गळ्यात घेऊन शिकवते. तुझी बहीण कुठं हाय?"

बहीण येणार नव्हती. काकीने जरा विचार केला आणि मलाच उभं केलं. "चल, तू व्हय नवरी." माझे हात स्वतःच्या खांद्यांवर ठेवले, मान खाली दाबली. ती एक ओळ म्हणायची, तीच मी मागून म्हणायचो. आई म्हणून ती, मामी म्हणून ती, शेजारीण म्हणून तीच. अंगणात शेळ्या बांधलेल्या होत्या आणि कुंपणापलीकडे पाणी भरणाऱ्या बायका हसून बेजार व्हायच्या. मी पंचवीस वर्षांचा, वसमतला 'सर' म्हणून ओळखला जाणारा, नवरी होऊन दहा-बारा रविवार रडलो. संशोधनासाठी काय काय करावं लागतं हे त्या मासिकात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी क्लासमध्ये जाऊन मी ते सगळं यंत्रात घालायचो. नावाच्या जागी वरचा सूर. श्वास संपत आला की सूर ढिला. आईच्या ढावल्यात थांबा लांब, कारण काकीच्या मते तिथे बोलणं सुचत नाही. तो थांबा मी फाशांवर सोडला, कधी दोन ठोक्यांचा, कधी वीस. माझ्या मते हे फार नामी काम झालं होतं.

काकी डोळे तपासायला वसमतला आली तेव्हा मी तिला क्लासमध्ये आणून यंत्र ऐकवलं. तिने डोक्यावरची ओढणी कानामागे घेतली आणि शांतपणे पाच मिनिटं ऐकलं.

"कोण हाय ही पोरगी?"

"कुणी न्हाई काकी. डबा हाय."

"मग कुणाच्या गळ्यात पडली ती?"

"कुणाच्याच न्हाई."

"सूर बराबर हाय," काकी म्हणाली. "पण हिला जवळचं कुणी न्हाई वाटतं." मी यातलं पहिलं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं आणि दुपारी बहिणीला फोन करून काकीने पास केल्याचं कळवलं.

लग्नाच्या दिवशी क्लासचा संगणक गोधडीत गुंडाळून जीपमधून तांड्यावर आला. वारंगा फाट्याच्या साउंडवाल्याने वायर जोडता जोडता विचारलं, "कोणतं गाणं हाय?" मी म्हणालो, गाणं नाही, नियम आहेत. त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि आवाज कमी ठेवला.

वाचणाऱ्याला वाटेल आता वीज जाणार. वीज गेली नाही. आमच्या तांड्यावर लग्नाच्या दुपारी पूर्ण दाबाने वीज राहिल्याचा तो बहुधा एकमेव प्रसंग असावा. यंत्र इतकं सुरेख चाललं की माझी काहीच गरज उरली नाही. बहीण घुंगट ओढून एकेकीच्या गळ्यात पडू लागली, खांदे हलवू लागली आणि मांडवाच्या कोपऱ्यातून माझा ढावलो येऊ लागला. शाळेचे सर, मॅडम कौतुकाने बघत होते. तांड्यातल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. एक म्हातारी स्पीकरच्या मागे कुणी बसलंय का ते वाकून पाहून आली. पण कुणी काही बोललं नाही. पाहुण्यांसमोर नवरीची लाज काढायची नसते, एवढं त्या अडाणी बायकांना कळत होतं.

मग ती याडीच्या गळ्यात पडली. स्पीकरमधून वरचा सूर निघाला, आईच्या नावाचा. याडीने हळूच घुंगटाची कड उचलून आत पाहिलं. बहिणीचे ओठ मिटलेले होते. याडीने कड पुन्हा खाली सोडली, नीट सारखी केली, तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि बाजूला होऊन पाणी आणायला म्हणून निघाली. मला ते दिसलं. तेवढ्या गर्दीत मला ते एकट्यालाच दिसलं असावं. हे आपण केलं, ही एकच गोष्ट मला त्या क्षणी समजत होती.

शेवटी भाऊ. बहीण माझ्यापाशी आली, तिने हात माझ्या गळ्यात टाकले आणि मान खांद्यावर ठेवली. यंत्र अजून आईच्याच ढावल्यात होतं आणि नेमके तेव्हाच त्याचे फासे वीसवर पडले. आवाज थांबला. तिला काहीतरी म्हणायचं होतं हे मला तिच्या आवळलेल्या बोटांवरून कळत होतं, पण शिकलीच नव्हती तर म्हणणार काय?

गळ्यात हात पडले आणि मान खाली गेली की तोंड उघडायचं, ही मला दहा-बारा रविवारांची सवय. तोंड उघडलं.

"याडी ये," मी सुरू केलं, "तुझी चूल आता कुणाला सांगून जाऊ? तुझ्या घागरीला हात कुणाचा लागंल?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. नवरीचा ढावलो दाढी राखलेला भाऊ म्हणतोय, हसणारच. पण मला थांबता येईना. मला भावाचे शब्द येतच नव्हते, काकीने नवरीचेच तेवढे शिकवले होते. पाण्याला निघालेली याडी थांबली. वळली. कळशी तिथेच ठेवून आली. आणि माझ्या खांद्यातून बहिणीचा आवाज आला, बारीक, बेसूर, माझ्यामागून तीच ओळ म्हणणारा. मी पुढची म्हणालो, तीही म्हणाली. मग तिने मला सोडलं आणि याडीला धरलं. चौथ्या-पाचव्या ओळीनंतर तिचे शब्द माझे नव्हते. लहानपणी याडीने तिच्या पायातला काटा काढला होता त्याची काहीतरी गोष्ट होती, जी मला ठाऊकच नव्हती. शाळेच्या मॅडम डोळे पुसत होत्या. थांबा संपून यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा काकी ओरडली, "आरं, त्या बयेला गप कर आधी!"

साउंडवाल्याने वायर उपटली.

त्यावरून माझी पुष्कळ थट्टा झाली. पुढची कित्येक वर्षं तांड्यावर लग्न निघालं की कुणीतरी मला विचारायचंच, यंदा तुमी कुणाकडं नांदायला जाणार? काकी मात्र एकदा गंभीरपणे म्हणाली की ढावलो म्हटला तर जावं लागतं, उगं म्हणायचा नसतो. मी तिला हसलो.

लग्न झालं त्याच वर्षी दिवाळीनंतर मला पुण्याला नोकरी लागली आणि मी गेलो. बहिणीची काही वर्षांनी बदली झाली, तीही आमच्याच तांड्याच्या शाळेवर. सासर चार किलोमीटरवर. मधल्या सुट्टीत ती रोज याडीकडे जेवते, तिची चूल सारवते, घागर भरून ठेवते. मी वर्षातून एकदा जातो. याडी माझ्यासाठी पेटीतली चांगली चादर काढते, पाण्याचा तांब्या समोर ठेवते आणि माहेरी आलेल्या लेकीला विचारतात तसं विचारते, "किती दिवस हायस?"