फकिराच्या नावानं आंघोळ

आंध्रातल्या बेल्लमपल्लीला, कोळसा खाणीच्या आमच्या क्वार्टरांच्या ओळीत बयनाबाईंइतकी फटकळ बाई दुसरी नव्हती आणि त्यांच्याइतकी भित्रीही नव्हती. नळावर नंबर मोडणाऱ्या बाईच्या सात पिढ्यांची त्या विचारपूस करायच्या, पण दारात खाकी कपड्यातला पोस्टमन दिसला तरी हात पुसत आत जायच्या. कागदाचं त्यांना भारी भय, हातसुद्धा लावत नसत. मी खाणीच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा कारकून, दिवसभर कागदांतच बसलेला, म्हणून मला त्या उगीच मान द्यायच्या. ‘सुधाकरभाऊ’ म्हणायच्या.

त्या महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या वांकिडीकडच्या. नवरा चंपतराव खाणीत पाळीवर. भातावर ज्यांचं भागत नाही अशी सीमेवरच्या गावांतली दहा-बारा सडी पोरं बयनाबाईंच्या चुलीवर ज्वारीची भाकर खायला यायची. मूलबाळ नव्हतं. होता तो भाऊ, फकिरा. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा आणि बयनाबाई अकराच्या. लग्न होऊन त्या बेल्लमपल्लीला आल्या त्या फकिराला कडेवर घेऊनच. चंपतराव आल्यागेल्याला सांगायचे, सासऱ्यानं आंदणात म्हैस कबूल केली होती, दिला मेहुणा. असं म्हणायचे आणि आपल्या ताटातली भाकर फकिराच्या ताटात टाकायचे.

शहाऐंशी साली फकिरानं एका फायनान्सवाल्या शेठकडून पैसे उचलून जुनी जीप घेतली. बेल्लमपल्ली ते आसिफाबाद माणसं वाहायचा. तिसऱ्या महिन्यात जीप नाल्यात उलटली. माणसं वाचली, जीप भंगारात गेली, आणि फकिरा एका पहाटे न सांगता निघून गेला. सांगितलं असतं तर बहिणीनं जाऊ दिलंच नसतं.

मग शेठची दोन माणसं बयनाबाईंच्या दारात यायला लागली. शिवी नाही, मारहाण नाही. पोरं जेवायला यायच्या वेळेला बरोबर उंबऱ्यावर येऊन बसायची. प्यायला पाणी मागायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं विचारायची, फकिरा कुठं आहे, त्याची बहीण कधी देणार. पोरं लाजून दुसरीकडे जेवू लागली. पगाराच्या दिवशी त्यांनी चंपतरावांना खाणीच्या फाटकावर गाठलं. चार सोबत्यांसमोर शोभा नको म्हणून त्या बिचाऱ्यानं दोनशे रुपये काढून दिले, आणि तिथंच घात झाला. एकदा दिलं की जगाच्या लेखी ते देणं तुमचंच होतं. मग धमकी आली, साहेबाला सांगून नोकरीवरून काढू, क्वार्टर खाली करायला लावू.

शेठच्या कुठल्याही कागदावर ना चंपतरावांची सही होती, ना बयनाबाईंचा अंगठा. त्यांच्याकडे एक पैसाही मागायचा शेठला हक्क नव्हता आणि नोकरीला हात लावणं तर त्याच्या बापाला जमलं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी रोज सकाळी त्या दोघांना ओलांडून ऑफिसला जात होतो. कशाला भानगडीत पडा, असं माझं तेव्हाचं शहाणपण. त्याची लाज आजही वाटते.

एका दुपारी त्या दोघांतला थोराड माणूस हसत म्हणाला, “बहन है ना तू उसकी? जब तक बहन है, तब तक देना पड़ेगा.”

तो बोलायला बोलून गेला. बयनाबाईंनी मात्र तो कायदा समजला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की बहीण नसले तर. तर मग तुझ्या दारात कोण कशाला येईल, असं तो म्हणाला आणि बिडी पेटवायला लागला. त्या रात्रभर चुलीपाशी बसून होत्या, असं चंपतरावांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. एका बाजूला नवऱ्याची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर, दुसऱ्या बाजूला फकिरा.

दुसऱ्या दिवशी ती माणसं आली तेव्हा बयनाबाई त्यांना घेऊन नळावर गेल्या. पौषातली थंडी होती. ओळीतल्या सगळ्या बाया तिथं होत्या, मीही सायकल पुसत होतो. आमच्याकडे घरातलं माणूस नको तितकं वाया गेलं की त्याच्या नावानं आंघोळ करतात, म्हणजे तो मेला असं धरतात. लोक हे तोंडानं म्हणतात, प्रत्यक्ष करणारी मी ती एकच बाई पाहिली. त्यांनी बादलीत तांब्या बुडवला.

“पाहून घ्या साऱ्यांनी,” त्या म्हणाल्या. “माहा भाऊ फकिरा मेला. मी त्याच्या नावानं न्हाऊन राह्यली. आता या घरात त्याचं कोणी नाई.”

लुगड्यानिशी डोक्यावरून तीन तांबे घेतले. रडल्या नाहीत. थोराड माणसानं डोक्याची टोपी काढून हातात घेतली आणि दोघं निघून गेले. सुतकाच्या घरात वसुली करायची त्यांनाही भीती वाटली असेल. ते पुन्हा कधी आले नाहीत.

त्या दिवशी बयनाबाईंची चूल पेटली नाही. काय करावं ते बायांनाही कळेना. शेवटी मयताच्या घरी नेतात तसं कुणी पिठलं नेलं, कुणी भाकर. माझ्या बायकोनं, चारुशीलानं, भात नेला. एका धडधाकट जिवंत माणसाचं सुतक आम्ही सगळ्यांनी मिळून पाळलं, आणि उद्या चंपतरावांची नोकरी शाबूत राहील म्हणून मनात बरंही वाटलं.

पोरं परत जेवायला यायला लागली. बयनाबाईंचं तोंड मात्र बंद झालं. नळावर कुणी नंबर मोडला तरी त्या बाजूला होऊन उभ्या राहायच्या. पुढच्या दिवाळीत भाऊबीजेला त्या अंगणात आल्या आणि जिला भाऊ नाही ती बाई ओवाळते तसं त्यांनी चंद्राला ओवाळलं. पुढं दरवर्षी. ते बघवत नसे, म्हणून मी त्या संध्याकाळी दार लावून घ्यायचो.

चौऱ्याण्णव साली आमच्या ऑफिसातल्या केशवरावांच्या मागे असाच त्यांच्या चुलतभावाचा सावकार लागला. त्यांनी आसिफाबादच्या एका वकिलाला विचारलं. वकिलानं सांगितलं तसं मी लिहून दिलं: हे कर्ज मी घेतलेलं नाही, मी जामीन नाही, कुठं सही केलेली नाही, ज्यानं घेतलं त्याच्याकडे मागा, माझ्या घरी किंवा कामावर यापुढं आलात तर फिर्याद करीन. एक प्रत सावकाराला रजिस्टर पोस्टानं, एक पोलीस ठाण्यात. आठ दिवसांत तगादा थांबला. मी मूर्खासारखा ही फुशारकी अंगणात बसून चारुशीलाला सांगत होतो. शेजारी बयनाबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं.

“भाऊ, त्यात भावाले मेला म्हणून लिवा लागते काय?”

मी नाही म्हणालो. भाऊ भाऊच राहतो. सही नाही एवढंच लिहायचं.

“मंग तवा काऊन नाई सांगतलं?”

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणालो. ते खोटं होतं, आणि त्यांना ते कळलं. त्यांनी सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

पुढं जेवायला येणाऱ्या एका पोरानं खबर आणली की फकिरा राजुऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. बयनाबाई माझ्याकडेच आल्या, पत्र लिहायला. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: आता कोणी मागायला येत नाही, दिवाळीला ये, तुहे भावजी वाट पाहून राह्यले. आंघोळीचं लिहू का, विचारलं. लिवा, म्हणाल्या, माही चूक झाली म्हणून लिवा.

तीन आठवड्यांनी अंतर्देशीय पत्र आलं. चंपतराव खाटेवर होते, बयनाबाई उंबऱ्यापाशी. मी वाचलं.

“अक्का, तू माह्या नावानं न्हायली हे मले त्याच साली समजलं होतं. तुहं चुकलं नाई. पण इकडं सोयरीक जुळताना लोकायनं इचारलं, तवा मी सांगतलं का मले कोणी नाई, एक बहीण होती ते वारली. आता दोन लेकरं हायत. तू येऊ नको. मी बी येत नाई. भावजीले नमस्कार.”

त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. लेकरं पोरं आहेत का पोरी, विचारलं. ते पत्रात नव्हतं. चंपतरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी कागद घडी करून त्यांच्या हातात दिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या कागदाला भ्यायल्या नाहीत, छातीशी धरून बसल्या.

मग म्हणाल्या, “भाऊ, माह्या नावानं त्यानं आंघोळ केली असंल काय?”

केली असेल, मी म्हणालो.

“कराले पाह्यजे होती,” त्या म्हणाल्या. “बहीण वारली म्हणते, तं दोन तांबे पाणी तरी घ्यावं अंगावर.”