कपाटात कोंडलेल्या पेशी

माझे वडील, अप्पा, शेताच्या बांधावरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला, असं कळल्यावर मी दोन दिवसांसाठी म्हणून गावी, कुंभारवाड्याला आले आणि नऊ दिवस अडकले. भातलावणी उरकली होती, पाऊस मात्र हटत नव्हता. मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या खालच्या वळणावर डोंगराची कड झाडांसकट रस्त्यावर आली. एरवीही बस क्वचितच यायची, आता तीही बंद झाली. लाईट गेली ती गेलीच.

माझ्या पीएचडीचं ते शेवटचं वर्ष होतं. शहरातल्या प्रयोगशाळेत मी मंजिष्ठेच्या पेशी काचेच्या बशांमध्ये वाढवत होते. मंजिष्ठा म्हणजे आमच्या रानातली लाल मुळांची वेल. मातीत एक जिवाणू असतो. तो झाडाच्या जखमेतून शिरतो, आपली काही जनुकं झाडाच्या पेशीत घालतो आणि मग तिथं मुळांचा झुपका फुटतो. त्यातलं एक जनुक मी माझ्या काही पेशींत घातलं होतं. उष्णतेनं किंवा मिठानं पेशी हैराण झाली की तिच्या आत ऑक्सिजनपासून होणारे जाळणारे रेणू वाढतात, आणि ती आतल्या आत करपते. जनुक घातलेल्या पेशींत हे रेणू कमी राहतात, असं मला दिसत होतं. मिठाचा शेवटचा प्रयोग तेवढा राहिला होता.

या बशा ठराविक उजेड आणि गारवा राखणाऱ्या, काचेच्या दाराच्या कपाटात असत. वर्षभरापूर्वी कुणीतरी त्या कपाटाचं दार उघडं टाकलं आणि माझ्या बशांना बुरशी लागली. तेव्हापासून मी कपाटाला कुलूप लावत असे. दुसरी किल्ली कुणाला दिली नव्हती. हा अविश्वास तेव्हा मला शिस्त वाटायचा.

तिसऱ्या दिवशी फोनला रेंज मिळावी म्हणून शेतामागच्या खडकावर चढले. पायाला जळवा लागल्या होत्या. प्रयोगशाळेतल्या ज्युनियर मुलीला फोन लावला.

"अक्का, तुमच्या कपाटाचं कूलिंग बंद पडलंय," ती म्हणाली. "आतले लाईट चालूच होते. सुट्टीत कुणी आलं नाही. आज काच हाताला चटका देत होती. प्लग काढलाय, पण दार उघडत नाही."

किल्ली माझ्या बॅगेत होती.

"कुलूप तोड," मी म्हणाले.

"सरांना न विचारता? ते परदेशात आहेत, फोन लागत नाही."

"मी सांगते ना. तोड आणि बशा बाहेर काढ."

ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. फोन कट झाला. पुन्हा लावायच्या आत बॅटरी संपली, आणि वाडीत चार्ज करायची सोय उरली नव्हती.

पाचव्या दिवशी मी चालत निघाले. ओढ्यावरच्या मोरीवरून लाल पाणी चाललं होतं. पलीकडच्या काठावर एक गवा उभा होता, माझ्याकडे बघत. पाणी उतरेल म्हणून तासभर थांबले. ते चढतच होतं. परत आले तेव्हा आईनं चुलीपाशी जागा करून दिली.

अप्पा प्लास्टरमधला पाय पसरून पडून होते. मला आत-बाहेर करताना बघून म्हणाले, "बाय, बस जरा. काय हाय त्या कपाटात, सांग तरी."

मी जमेल तसं सांगितलं. ते मधे मधे विचारत होते.

"मंग तुझ्या त्या पेशी मरतच न्हाईत?"

"मरतात. पण उशिरा."

"आन् त्या जिवाणूला काय मिळतंय?"

"झाड त्याच्यासाठी अन्न करतं. झाड जगलं तर त्याचं पोट भरतं."

अप्पांनी पायाखालची उशी सरकवली. "म्हंजी मरू बी देत न्हाई आन् सोडत बी न्हाई."

पुढचे चार दिवस त्या पेशी जिवंत आहेत की नाहीत, एवढंच डोक्यात होतं. रागही येत होता, आधी पावसाचा, मग अप्पांच्या पायाचा, आणि त्या रागाची लाज वाटत होती.

नवव्या दिवशी गावकऱ्यांनी दरडीवरून माणूस जाईल एवढी वाट केली. मी चिखलातून पलीकडे गेले, जीप मिळाली, पुढे बस. प्रयोगशाळेत शिरले तर कपाटाचं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि त्यातलं कुलूप तसंच बंद. त्या मुलीनं कुलूप तोडलं नव्हतं. माझा फोन कट झाला त्याच दिवशी बिजागऱ्यांचे स्क्रू काढून तिनं आख्खं दार उतरवलं होतं आणि बशा बाहेर काढल्या होत्या.

साध्या पेशी सगळ्या तपकिरी पडल्या होत्या. जनुकवाल्या बशांपैकी काहींत मात्र पिवळसर, ताज्या गुठळ्या होत्या. जाळणारे रेणू असतील तिथं हिरवं चमकणारा रंग घालून मी त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. चमक अगदी मंद होती. मी त्या मुलीला बोलावलं. आम्ही दोघी आळीपाळीनं बघत राहिलो.

सर परतल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हा अपघात आहे, प्रयोग नाही," ते म्हणाले. "उष्णता किती होती, किती वेळ होती, सांगता येईल? नाही ना? मग प्रबंधात लिहायचं नाही. पुन्हा करा."

ते बरोबरच बोलत होते. मी मुदतवाढ मागितली आणि वाचलेल्या गुठळ्यांपासून पुन्हा सुरुवात केली. त्यात हिवाळा गेला. कापणीला घरी जाता आलं नाही. मिठाच्या पाण्यातही जनुकवाल्या पेशी जास्त टिकल्या. पण ज्यांच्यात ते जनुक फार जोरात काम करत होतं, त्या टिकल्या तरी वाढत नव्हत्या. फरक दिसला, मला हवा होता तेवढा मोठा नव्हता. जेवढा होता तेवढाच लिहिला.